तिरकी गिरकी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या टपालात एकच विषय गाजतोय : फ्रीस्टाइल स्कीइंगमधल्या कलत्या अक्षावरच्या गिरक्या, म्हणजे कॉर्क, रोडिओ, मिस्टी ही सगळी मंडळी. पत्रं कॅनडा, अमेरिका, जर्मनीहून आली आहेत, तशी पुण्याहूनही. सोयीसाठी सगळी वर्णनं डावीकडे फिरणाऱ्याच्या हिशोबाने दिली आहेत. उजवीकडे फिरणाऱ्यांनी डाव्याचं उजवं करून वाचावं. आकडे अंशांचे आहेत : ३६० म्हणजे एक फेरी, ७२० म्हणजे दोन.

प्रश्न : उभ्याने ७२० मला बऱ्यापैकी जमतो. आता तिरकं शिकायचं आहे. पण कॉर्क, बायो, मिस्टी, रोडिओ, फ्लॅटस्पिन यांत नेमका फरक काय? आणि सुरुवात कशाने करावी? (एक वाचक, कॅलगरी)

उभ्या गिरकीत तुम्ही ज्या रेषेभोवती फिरता ती डोक्यातून निघून टाचांपर्यंत जाते. कोलांटीत ती कमरेतून आडवी जाते. तिरक्या गिरकीत ती या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी कललेली असते. किती कलली आणि कुठल्या बाजूला कलली, यावरून नाव ठरतं.

समजा, किकरच्या (उडायला बांधलेल्या बर्फाच्या चढणीच्या) टोकावर, म्हणजे लिपवर, तुमच्या पायाखाली घड्याळाची तबकडी आहे. समोर १२, पाठीमागे ६, डावीकडे ९. आता उडताना खांदा कुठल्या आकड्याकडे टाकता ते बघा. साधारण ८ कडे, म्हणजे डावा खांदा मागे आणि खाली, असा टाकला की कॉर्क. पाठ जमिनीकडे झुकते, पाय फार तर डोक्याच्या पातळीला येतात. साडेसहा-सातकडे टाकला की रोडिओ. ती सरळसरळ उलटी कोलांटी आहे, फक्त पिळा घातलेली. या दोघींच्या मधली, जवळजवळ आडवी पडून फिरणारी ती फ्लॅटस्पिन. पुढच्या बाजूला, ११ च्या आसपास, उजवा खांदा डाव्या गुडघ्याकडे खेचत गेलात की मिस्टी, म्हणजे पिळा घातलेली पुढची कोलांटी. आणि ९-१० कडे छाती जमिनीकडे करून फिरलात की बायो. हे आकडे अंदाजाचे आहेत. प्रत्यक्षात आळशी रोडिओ आणि खोल कॉर्क एकमेकांसारख्याच दिसतात, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

सुरुवात कॉर्क ७२० ने करा. कारणं तीन. ७२० चा वेग तुमच्या अंगात आधीच आहे, आता त्यात फक्त कल मिसळायचा. दुसरं, उतरता सरळ, तोंड खाली उताराकडे करून. रोडिओ ५४० फिरायला सोपी वाटते, पण ती स्विच म्हणजे उलट्या तोंडाने उतरते, आणि नवख्याला एका वेळी दोन नव्या गोष्टी नकोत. तिसरं कारण किकरच्या आकारात आहे. किकर वर वळत जाते, त्यामुळे ती तुम्हाला आपोआप मागे लोटते. मागे कलणाऱ्या युक्तीला हा धक्का मदत करतो. मिस्टीला तोच धक्का आधी मोडून काढावा लागतो, म्हणून ट्रॅम्पोलिनवर सोपी वाटणारी मिस्टी बर्फावर अर्धवट राहते आणि माणूस पाठीवर आपटतो.

प्रश्न : रोडिओमध्ये पिळा तर अर्धाच दिसतो. मग तिला ५४० का म्हणतात? (तोच वाचक)

कोलांटीचे ३६० आणि अर्ध्या पिळ्याचे १८० मिळून ५४०. आकड्याला १८० ने भागून बघा. भागाकार विषम आला (१८०, ५४०, ९००), तर ज्या तोंडाने उडालात त्याच्या उलट तोंडाने उतरणार. सम आला (३६०, ७२०, १०८०), तर त्याच तोंडाने.

प्रश्न : कॉर्क ७२० चा पायरीपायरीने क्रम सांगा. व्हिडिओ खूप बघितले, पण सगळे 'खांदा टाक' एवढंच सांगतात. (एक वाचक, डेन्व्हर)

'खांदा टाक' हा सल्ला चुकीचा नाही, पण तो कधी टाकायचा हे न सांगता दिला तर घातक आहे. एक गोष्ट आधी पक्की करा : लिप सुटली की तुमच्याजवळचं एकूण फिरणं ठरून गेलेलं असतं. हवेत तुम्ही अंग आवळून ते वेगाने वापरू शकता, अंग उघडून सावकाश वापरू शकता, हात हलवून कल थोडा कमी-जास्त करू शकता. पण नवीन फिरणं कुठून आणता येत नाही, कारण ढकलायला खाली काहीच नसतं. त्यामुळे शिकण्याचा नव्वद टक्के भाग बर्फाला स्की टेकलेली असतानाच होतो.

उडी निवडा ती १० ते १२ मीटर टेबलाची (टेबल म्हणजे लिप आणि उतरायचा उतार यांच्यामधला सपाट भाग). याहून छोट्या उडीवर वेळ कमी पडतो आणि माणूस घाईने खांदा लवकर टाकायला शिकतो. हिशोब असा : ताशी ३६ किलोमीटर वेगाने २५ अंशांच्या लिपवरून उडालात आणि उतरण्याची जागा लिपपेक्षा दीड मीटर खाली असली, तर तुम्ही हवेत सुमारे १.१ सेकंद असता आणि जेमतेम १० मीटर पुढे जाता. एवढ्या वेळात दोन फेऱ्या. शक्य आहे, पण रेंगाळायला जागा नाही.

त्या उडीवर आधी एकदा सरळ जा. मग ग्रॅबसह, म्हणजे हवेत हाताने स्की पकडून, ३६०. मग उभ्याने ७२०. हे तिन्ही त्या दिवशी, त्या बर्फावर नीट बसले तरच पुढे.

आता धाव. मध्यरेषेच्या किंचित डावीकडून निघा, हलकेच उजवीकडे जा आणि किकरच्या पायथ्याशी डावीकडे वळायला लागा. म्हणजे लिपवर पोहोचता तेव्हा तुम्ही मध्यावर असता, दिशा सरळ असते आणि स्की डाव्या वळणाच्या कडेवर असतात. वजनाचा मोठा भाग उजव्या स्कीच्या आतल्या कडेवर. ही कड बर्फात रुतलेली हवी. स्की घसरत असेल तर तुम्ही गिरकी घेत नाही, नुसते घसरून पडताय. या दरम्यान दोन्ही हात खांद्याच्या उंचीच्या खाली, उजवीकडे वळवलेले.

लिपच्या शेवटच्या मीटरभरात दोन गोष्टी होतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी घोटे आणि गुडघे ताणून उडी. त्या उडीच्या शेवटी, पायाचे चवडे सुटता सुटता, हात डावीकडे. डावा कोपर मागे आणि खाली, जणू मागे उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेत कोपर मारायचा आहे. उजवा हात छातीसमोरून वर. नजर डाव्या खांद्यावरून मागे. डोकं मागे फेकायचं नाही. मान मागे गेली की कॉर्कची रोडिओ होते आणि जमीन कुठे आहे ते कळेनासं होतं.

हवेत लगेच गुडघे छातीशी घ्या. हातानेच खाली जाऊन स्की पकडायला गेलात तर अंग वाकतं आणि कल बिघडतो. गुडघे वर आणून स्की हातापर्यंत पोहोचवा. ग्रॅब कुठला? ज्या हाताने तुमचा साधा ५४० चा ग्रॅब बसतो, तोच. कॉर्क शिकताना नवा ग्रॅब शिकू नका.

पहिल्या अर्ध्या फेरीत आकाश दिसेल. एक फेरी पुरी होताना डाव्या काखेखालून उतार दिसतो. हीच खरी जागा. इथे उतार ओळखता आला की किती वर आहात ते कळतं. मग नजर पुन्हा डाव्या खांद्यावरून पुढे न्या. दीड फेरीला तोंड किकरकडे असतं, ग्रॅब सोडा, पाय खाली न्यायला लागा. शेवटच्या अर्ध्या फेरीत कल सरळ होतो, कारण तुम्ही अंग उघडलंय. उतरताना नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली, हात समोर, गुडघे आधी जवळजवळ सरळ आणि मग वाकत जाणारे.

प्रश्न : मी कॉर्क करतो, पण दर वेळी डाव्या कुल्ल्यावर किंवा मागे बसल्यासारखा उतरतो. गुडघ्याची भीती वाटते. (एक वाचक, व्हँकुव्हर)

भीती रास्त आहे, आणि तिचं कारण आधी समजून घ्या. मागे बसून, गुडघा सरळ ठेवून उतरलात की स्कीचं शेपूट आधी टेकतं. मग स्की खाडकन खाली येते, बुटाची ताठ मागची बाजू नडगीचं हाड पुढे ढकलते आणि गुडघ्यातलं पुढचं क्रॉस लिगामेंट, म्हणजे एसीएल, ताणलं जातं किंवा तुटतं. दुसरा प्रकार आणखी फसवा. कंबर गुडघ्याच्या खाली गेलेली, सगळं वजन एकाच स्कीच्या शेपटाच्या आतल्या कडेवर आणि तुम्ही उठायचा प्रयत्न करताय. तिथे गुडघा आत पिळला जातो. बाइंडिंग (बूट स्कीला जखडणारा खटका) सुटून वाचवेल या भरवशावर राहू नका. पायाचं हाड मोडू नये म्हणून बाइंडिंग सुटतं, एसीएलसाठी ते बनवलेलंच नाही. मागे बसून खाली गेलात तर उठायची धडपड करू नका. हात समोर आणा, स्की एकत्र ठेवा आणि घसरत थांबा.

आता मूळ दोष. कुल्ल्यावर उतरणं म्हणजे साधारणपणे पाव फेरी कमी पडणं किंवा कल सरळ न होणं. कारण शोधायला व्हिडिओ हवेत फिरतानाचा बघू नका. लिपवरच्या शेवटच्या मीटरभराचा बघा, एकेक चौकट पुढे नेत. चार गोष्टी तपासा.

हात लिपच्या आधीच सुटलेत का? बहुतेकांचं उत्तर 'हो' येतं. खांदा लवकर टाकला की कड सुटते, स्की बाजूला घसरते, उडी मरते. उंची कमी आणि फिरणंही कमी. मग हवेत घाबरून अंग उघडलं जातं आणि उरलंसुरलं फिरणंही मंदावतं.

गुडघे लिपवर सरळ झालेत का? वाकलेल्या गुडघ्यांनी सुटलात तर किकरने दिलेला मागचा धक्का तसाच अंगात राहतो आणि तुम्ही आधीपासूनच मागे बसलेले असता.

नजर कुठे आहे? वर आकाशाकडे असेल तर कल जास्त होणार आणि सरळ व्हायला वेळ पुरणार नाही.

चौथी गोष्ट ग्रॅबची. ग्रॅब शेवटपर्यंत धरून ठेवलाय का? फोटोला छान दिसतो, पण दीड फेरीनंतरही पाय वर असतील तर टेकायला पायच नाहीत.

या चारपैकी एका वेळी एकच सुधारा. सगळ्या एकदम सुधारायला गेलेला माणूस त्याच संध्याकाळी पुन्हा उभ्याच्या ७२० वर येतो.

प्रश्न : एअरबॅगवर, म्हणजे सरावाच्या हवा भरलेल्या मोठ्या गादीवर, दहापैकी आठ-नऊ कॉर्क बसतात. बर्फावर तीच युक्ती धड होत नाही. बॅग निरुपयोगी आहे का? (एक वाचक, म्युनिक)

नाही, पण बॅग खोटं बोलते. सपाट बॅगवर पाठीवर पडलात तरी मऊच लागतं, त्यामुळे पावणेदोन फेऱ्यांवर थांबून पाठ टेकवायची सवय लागते आणि मेंदू त्याला 'जमलं' म्हणून नोंदवतो. म्हणून मोजणी बदला. ज्यात दोन्ही स्की आधी टेकल्या आणि छाती सरळ होती, तेवढ्याच धरा. तुमचे आठ-नऊ बहुतेक तीन-चारवर येतील. उतारासारखी तिरपी बॅग मिळाली, तर सपाटपेक्षा कितीतरी बरी. तिथे उतरून पुढे घसरत जाता येतं आणि चूक लगेच अंगाला कळते. सलग वीसेक वेळा स्कीवर उतरल्याशिवाय बर्फाकडे जाऊ नका.

दुसरा फरक धावेचा. बॅगकडे जाणारी उतरण बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकच्या ब्रशची असते. तिथे वेग दर वेळी सारखा. बर्फावर सकाळी गोठलेली, घसरडी, वेगवान धाव मिळते, दुपारी तीच ओली आणि चिकट. ताशी ३६ ऐवजी ३८ ने गेलात तरी वर दिलेल्या उडीवर जवळपास मीटरभर पुढे उतरता. कमी पडलात तर नकलवर, म्हणजे टेबल संपून उतार सुरू होतो त्या कडेवर, आपटता. तिथे जमीन सपाट असते आणि सगळा धक्का शरीर घेतं. म्हणून दर सत्रात पहिल्यांदा सरळ उडी. बर्फ बदलला की पुन्हा सरळ उडी. पहिल्या बर्फावरच्या कॉर्कसाठी बर्फ थोडा मऊ झालेला हवा. सकाळचा काच झालेला नको, आणि पाय अडकावेत इतका चिखलही नको.

बर्फाबाहेर शिकण्याच्या जागांत युरोपात स्वित्झर्लंडमधल्या लाक्स इथली बंदिस्त फ्रीस्टाइल अकादमी, अमेरिकेत कोलोरॅडोतलं वुडवर्ड कॉपर आणि पार्क सिटीच्या यूटा ऑलिम्पिक पार्कमधल्या पाण्यात उतरायच्या उतरणी या जुन्या, नावाजलेल्या. पाण्याला एक गुण आहे : पाठीवर पडलात तर ते चांगलंच झोंबतं. खोटं बोलत नाही.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची. पुण्यात असताना मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स करायची. आता आम्ही सॉल्ट लेक सिटीत आहोत आणि तिला तिरक्या गिरक्यांचं वेड लागलंय. तिची तयारी किती उपयोगी? (एक आई)

खूप, आणि काही बाबतीत अडचणीचीसुद्धा.

मल्लखांबाने तिला दोन मोठ्या गोष्टी दिल्या आहेत. डोकं खाली असताना ती घाबरत नाही. आणि पोट-कंबर आवळून धरायची ताकद तिच्यात आहे, जी स्कीवाल्या मुलांना वेगळी कमवावी लागते. पण मल्लखांबावर हातापायाची पकड सतत कुठेतरी असते. सुटं होऊन हवेत फिरणं आणि जमीन शोधणं ही वेगळी विद्या आहे. ती ट्रॅम्पोलिनवर शिकायची, जाणत्या प्रशिक्षकासमोर. क्रम असा ठेवा : सरळ उड्या आणि थांबणं, बसून उडी, पाठीवर उडी, पाठीवरून अर्धा पिळा घेऊन पुन्हा पाठीवर. मग मागची कोलांटी. मग बरानी, म्हणजे अर्ध्या पिळ्याची पुढची कोलांटी. मिस्टी ५४० ची ही सख्खी बहीण. मग पूर्ण पिळ्याची मागची कोलांटी, जिच्यातून कॉर्कची जाण येते. फोमच्या छोट्या ट्रॅम्पोलिन-स्की मिळतात, त्या शेवटी.

अडचण तीन ठिकाणी येईल. जिम्नॅस्ट उडताना दोन्ही हात वर झटकते. स्कीवर किकर आधीच मागे लोटत असते, त्यात हात वर गेले की ती जास्त फिरते. तिला सांगा, हात खांद्याच्या वर नाहीत. दुसरं, ती घोट्यांनी धक्का घ्यायला शिकलेली आहे, आणि स्की-बुटात घोटा जखडलेला असतो. उतरण्याचा सगळा धक्का गुडघे आणि कमरेवर येतो, म्हणून तिला आधी साध्या उड्यांवर शेकडो वेळा उतरू द्या. तिसरी अडचण मनाची. ट्रॅम्पोलिनवर तिला कॉर्क आठवड्यात येईल आणि मग ती बर्फावर लगेच मागेल. स्कीवर कड धरून वळता येणं, उलट्या तोंडाने आरामात जाता येणं, ३६० आणि ५४० ग्रॅबसह बसणं, एवढं होईपर्यंत देऊ नका. हवेतली हुशारी जास्त आणि स्की चालवणं कच्चं, अशी मुलं सर्वांत वाईट पडतात, कारण ती फिरतात बरोबर पण उडतात चुकीच्या जागेवरून.

प्रश्न : पार्कसाठी बाइंडिंग मध्यावर बसवावं का? आणि उडताना सुटू नये म्हणून डिन (बाइंडिंग किती जोराला सुटावं याचा आकडा) वाढवला तर चालेल? (एक वाचक, टोरोंटो)

मध्यबिंदूवर किंवा त्याच्या एक-दोन सेंटिमीटर मागे. मध्यावर बसवल्याने दोन्ही टोकांचं वजन सारखं होतं, गिरकी हलकी लागते आणि उलट्या तोंडाने उतरताना मागे पुरेशी स्की उरते. बर्फाच्या ढिगात किंवा साध्या उतारावर जास्त फिरणार असाल तर आणखी थोडं मागे.

डिन स्वतःच्या मनाने वाढवू नका. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगची शैली यांवरून तो ठरतो, आणि दुकानात यंत्रावर तपासून घेता येतो. उडताना स्की सुटत असेल तर आधी बुटाचा झिजलेला तळ, तळाशी चिकटलेला बर्फ आणि बाइंडिंगचा पुढचा दाब बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो.

प्रश्न : टीव्हीवर पंच हे कसं मोजतात? 'डबल कॉर्क १६२०' म्हणजे नेमकं काय बघायचं? (एक वाचक, नाशिक)

'डबल' म्हणजे अंग दोनदा उलटं किंवा आडवं जातं. १६२० म्हणजे साडेचार फेऱ्या. १८० ने भागलं तर नऊ, विषम. म्हणजे खेळाडू उडाला त्याच्या उलट तोंडाने उतरणार. फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकला महिलांच्या बिग एअरमध्ये (एकाच मोठ्या उडीवरच्या स्पर्धेत) चीनच्या आयलीन गूने शेवटच्या उडीत हीच युक्ती केली आणि फ्रान्सच्या टेस लेदूला पाऊण गुणाने मागे टाकून सुवर्ण घेतलं : १८८.२५ विरुद्ध १८७.५०. तिथे तीनपैकी दोन सर्वोत्तम उड्या धरल्या जात होत्या आणि त्या दोन वेगवेगळ्या दिशांना फिरलेल्या असणं भाग होतं. म्हणून टीव्हीवर बघताना फेऱ्या मोजण्याआधी दिशा बघा. ज्याला एकाच बाजूला फिरता येतं तो कितीही मोठा आकडा फिरला तरी अडकतो. त्यानंतर ग्रॅब बघा : खरंच धरलाय की बोटं नुसती लावलीत? किती वेळ धरलाय? मग उतरणं, उताराच्या वरच्या भागात, हात न टेकता.

या खेळाचा इतिहास थोडा गमतीचा आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये मोगल्स प्रकारात (उंचवट्यांच्या उतारावरच्या स्पर्धेत) डोक्याच्या वर पाय नेणं नियमात बसत नव्हतं. चार वर्षांपूर्वी नागानोला सुवर्ण जिंकलेल्या जॉनी मोझलीने तिथे 'डिनर रोल' नावाची, जवळजवळ आडवी पडून दोन फेऱ्यांची गिरकी घेतली. पाय डोक्याच्या वर गेले नाहीत म्हणून ती नियमात बसली, गुण मात्र मनासारखे मिळाले नाहीत आणि तो चौथा आला. लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र तीच उडी. स्लोपस्टाइल (ओळीने उड्या आणि कठडे असलेला उतार) आणि स्की हाफपाइप (अर्ध्या नळीसारखी बर्फाची घळ) ऑलिम्पिकमध्ये यायला २०१४ चं सोची उजाडावं लागलं, स्कीच्या बिग एअरला बीजिंग.

प्रश्न : मी पुण्याचा. स्कीइंग गुलमर्गला शिकलो, दोन हंगाम झाले. तिथल्या खोल बर्फात किकर बांधून मऊ बर्फावर कॉर्क शिकता येईल ना? (एक वाचक, पुणे)

नका करू. खोल बर्फ मऊ असतो, पण त्यात स्की रुतते, शरीर फिरत राहतं आणि गुडघा पिळला जातो. लिप हाताने बांधलेली, दर उडीला ढासळणारी. मग वर ज्या 'शेवटच्या मीटरभरा'बद्दल इतकं लिहिलं, तो दर वेळी वेगळा. शिवाय गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावरून दिसणारे मोहक उतार हिमस्खलनाचे आहेत. त्या भागात बीकन (गाडल्या गेलेल्या माणसाची जागा कळवणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि ती वापरता येणारा सोबती यांच्याशिवाय जाऊच नये, मग उडी तर दूरच.

करण्यासारखं तिथे बरंच आहे. राखलेल्या उतारावर उलट्या तोंडाने स्कीइंग, दोन्ही बाजूंना. जागच्या जागी उडी मारून १८०. चालत्या स्कीवर छोट्या उंचवट्यावरून १८० आणि मग ३६०. कडेवर वळताना मागे राहिलेली रेघ बघा : बारीक असेल तर कड रुतली, फराटा असेल तर घसरलात. ही रेघ बारीक व्हायला लागली की तुमचं कॉर्क सुरू झालं असं समजा. उरलेलं पुण्यात, जिम्नॅस्टिक्सच्या ट्रॅम्पोलिनवर.

प्रश्न : हेल्मेट होतं, तरी डोकं आपटल्यावर अर्धा तास मळमळलं. मग बरं वाटलं आणि मी पुन्हा उड्या मारल्या. चुकलं का? (एक वाचक, बोस्टन)

हो. हेल्मेट कवटी फुटण्यापासून आणि डोक्याच्या जखमांपासून वाचवतं. आत मेंदू हलणं ते पूर्ण थांबवू शकत नाही. डोक्याला मार लागून मळमळ, गुंगी, डोकेदुखी, प्रकाशाचा त्रास, बोलण्यात गोंधळ यांतलं काहीही झालं, तर त्या दिवशी स्की काढून ठेवायच्या. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, मग हलकं चालणं, मग टप्प्याटप्प्याने वाढ, आणि उड्या सर्वांत शेवटी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, मान दुखत असेल, हातापायात कमजोरी, फेफरं किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या तर थेट तातडीच्या विभागात. आणि ते हेल्मेट बदला. आतला फोम एकदा दबला की बाहेरून काही दिसत नाही, पण दुसरा मार तो घेत नाही.

प्रश्न : पोल (स्कीच्या काठ्या) हातात ठेवावेत की नाही? (तोच वाचक)

बॅगवर आणि ट्रॅम्पोलिनवर नाहीत. बर्फावर हवे असतील तर छोटे, आणि पट्ट्यात मनगट अडकवू नका. पोलसकट हात टेकला की अंगठ्याच्या मुळाशी असलेलं लिगामेंट तुटतं. ही दुखापत इतकी नेहमीची आहे की डॉक्टर तिला स्कीवाल्याचा अंगठा म्हणूनच ओळखतात.